प्रभाग कोणाच्या सोयीचा?

नाशिकच्या अंबडचा मतदार 2002 मध्ये महापालिकेसाठी मतदानाला गेला तेव्हा त्याला आपल्या प्रभागातून तीन नगरसेवक निवडायचे होते. 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन आणि 2017 मध्ये चार. लिंक रोडचे खड्डे तेच, कारखान्याच्या पाळ्या त्याच, पाण्याची वेळही तीच. बदलत गेली ती मुंबईतल्या सत्ताधाऱ्यांची सोय. यातल्या पहिल्या तिन्ही निवडणुका काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राजवटीत झाल्या, चौथी भाजप-शिवसेनेच्या. पुढे महाविकास आघाडीने 2019 च्या अखेरीस एकसदस्यीय प्रभागाचा कायदा केला आणि दोन वर्षांच्या आत तो बाजूला सारून तीन सदस्यांची पद्धत आणली. ऑगस्ट 2022 मध्ये, शिवसेनेतील फुटीनंतर आलेल्या नव्या सरकारने तीही मोडून 2017 चीच नगरसेवकसंख्या परत आणली. प्रभागात किती नगरसेवक असावेत हे हिंदुत्व सांगत नाही, समाजवाद सांगत नाही, फुले-शाहू-आंबेडकरांचा विचारही सांगत नाही. म्हणूनच हा निर्णय राजकीय प्रामाणिकपणाची चोख परीक्षा ठरतो. इथे विचारधारेचा आडोसा मिळत नाही आणि उरतो तो निव्वळ हिशेब. या परीक्षेत सत्तेवर आलेला प्रत्येक पक्ष नापास झाला आहे.

याच काळात महाराष्ट्रात विचारधारेचा घोष सर्वांत मोठा होता. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली ती हिंदुत्वाच्या नावाने, समोरच्या बाजूने हाक दिली ती संविधान वाचवण्याची. आणि त्याच संविधानाचा अनुच्छेद 243 यू सांगतो की महापालिकेची मुदत पाच वर्षांची असेल, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. नाशिक महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मतदान झाले 15 जानेवारी 2026 रोजी. जवळपास चार वर्षे अंबडला नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हाती होता. या विलंबाची सुरुवात एका आघाडीच्या राजवटीत झाली, तो लांबला दुसरीच्या. मग हिंदुत्व श्रेष्ठ की धर्मनिरपेक्षता, या वादात रात्री जागवणाऱ्या कार्यकर्त्याने आधी एवढे तरी विचारायला हवे होते की दोघांनाही निवडणूक नको कशी झाली?

यावर पहिले उत्तर ठरलेले असते : प्रकरण न्यायालयात होते, सरकार काय करणार? हे अर्धसत्य आहे. स्थानिक संस्थांतील ओबीसी आरक्षणासाठी इम्पिरिकल डेटा, म्हणजे प्रत्यक्ष आकडेवारी, लागेल हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले होते आणि मार्च 2021 मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात पुन्हा बजावले. मधल्या अकरा वर्षांत दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली; तो डेटा कोणी गोळा केला नाही. 4 मे 2022 रोजी न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणूक कार्यक्रम जाहीर करा असे सांगितले. जुलैमध्ये त्याच न्यायालयाने ओबीसींविषयीचा बांठिया आयोगाचा अहवाल स्वीकारून आरक्षणाची वाट मोकळी केली. त्यानंतर सरकारने नगरसेवकांची संख्या बदलली, तो बदल न्यायालयात गेला, ‘जैसे थे’चा आदेश आला आणि गाडे मे 2025 पर्यंत अडून राहिले. कुलूप न्यायालयाने लावले असेल, पण ते त्याच्या हाती सरकारनेच दिले. ओबीसींना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण त्यांच्या नावाने निवडणूक टळली तेवढी वर्षे ओबीसी नगरसेवकही सभागृहात नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो अंबडमध्ये सर्रास ऐकू येतो : नगरसेवक असून तरी काय केले? प्रशासक परवडला. याला पुरावाही आहे. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी 2017 मध्ये हटवला. त्यानंतर नवे लोकनियुक्त सभागृह आले, आणि बाजार पुन्हा उभा राहिला. फेब्रुवारी 2025 मध्ये, प्रशासकाच्या काळात, तो पुन्हा हटवला गेला. हे मान्यच केले पाहिजे. पण जेसीबी चालवणे म्हणजे कारभार नव्हे. तो बाजार पुन्हा कोणाच्या आशीर्वादाने वसला, पहिल्या कारवाईचा खर्च कोणाकडून वसूल झाला, हे प्रश्न महासभेच्या पटलावर विचारता येतात. प्रशासक असताना महासभा तोच, स्थायी समितीही तोच. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी. त्याची बदली मंत्रालय करते, अंबडकर नव्हे. नगरसेवक निकम्मा निघाला तर त्याला घरी बसवण्याचा दिवस तरी ठरलेला असतो.

‘सगळे सारखेच’ हे तिसरे उत्तर मात्र मला सर्वांत घातक वाटते, कारण ते देणारा प्रामाणिक माणूस असतो. सगळे सारखे वागले हे वर मीच दाखवले आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष घरी बसण्याचा नाही. लबाडी सर्वपक्षीय असेल तर तिच्यावरचा धाकही पक्ष न पाहता बसवावा लागेल, आणि तो आपल्या आवडत्या पक्षापासून सुरू करावा लागेल. विरोधकाला जाब विचारायला कोणतेही धैर्य लागत नाही. राज्याच्या महापालिका कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, मतदारांनी आपल्या भागातली कामे आणि गरजा स्वतः मांडाव्यात यासाठी. ती कागदावरच राहिली, कारण कोणत्याच पक्षाला ती सोयीची नाही. प्रभागात चार नगरसेवक असले की गटार तुंबल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. क्षेत्रसभेत चौघांना एकत्र उभे राहावे लागेल.

अंबडच्या कामगार वसाहतींनी, गावठाणाने, सिडकोच्या सोसायट्यांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी आता आपल्या चारही नगरसेवकांकडे दोन गोष्टी लेखी मागाव्यात : क्षेत्रसभेची तारीख, आणि पुढच्या निवडणुकीआधी प्रभागरचना पुन्हा बदलली तर पक्षाचा आदेश काहीही असो, सभागृहात तिला विरोध करण्याची हमी. जो सही करणार नाही त्याचे नाव चौकातल्या फलकावर लावा, मग तो तुमच्याच पक्षाचा का असेना.