एडलवाइसला वर जायला जागा किती?

स्वित्झर्लंडच्या लष्करात सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या हुद्द्याच्या चिन्हावर तारे नसतात, एक फूल असते. ऑस्ट्रियाच्या दोन सेंटच्या नाण्यावरही तेच फूल आहे. 'द साउंड ऑफ म्युझिक'मधल्या गाण्यामुळे ते जगभर पोहोचले. हे फूल म्हणजे एडलवाइस. आल्प्स पर्वतात साधारण १,८०० ते ३,००० मीटर उंचीवर, मुख्यतः चुनखडकाच्या उतारांवर ते उगवते. वीतभर उंचीच्या या रोपाला एवढा मान मिळाला, आणि त्या मानानेच ते एकदा संकटात आले होते. आता त्याच्यासमोर दुसरे संकट आहे, आणि ते जास्त अवघड आहे.

एडलवाइस सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातले. आपण ज्याला पांढऱ्या पाकळ्या समजतो ती खरे तर लव असलेली पाने आहेत. खरी फुले मधल्या पिवळसर गोंड्यांमध्ये दाटीने बसलेली असतात. चुनखडकावर पाणी टिकत नाही, मातीचा थर पातळ असतो आणि ती अल्कधर्मी असल्याने झाडांना लोह सहज मिळत नाही. जोमाने वाढणाऱ्या गवतांना हे मानवत नाही. एडलवाइसला मात्र तेच सोयीचे, कारण सावलीत ते तग धरू शकत नाही. पानांवरची लव ओलावा राखते. बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जाँ-पोल व्हिन्यरों आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, या लवेच्या तंतूंची सूक्ष्म रचना अतिनील किरण शोषून घेते आणि दिसणारा प्रकाश परावर्तित करते. म्हणजे उंचावरच्या प्रखर उन्हासाठी या रोपाने स्वतःचे 'सनस्क्रीन' तयार केले आहे.

एकोणिसाव्या शतकात आल्प्समध्ये पर्यटन वाढले आणि एडलवाइस आणून देणे हे धाडसाचे व प्रेमाचे लक्षण ठरले. फुले कड्यांवरून मुळासकट उपटली जाऊ लागली. १८७८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओबवाल्डन प्रांताने ते उपटण्यावर बंदी घातली. पुढे इतरत्रही असे नियम झाले. आल्प्समध्ये एडलवाइस आजही टिकून आहे, त्यात या नियमांचा वाटा मोठा आहे.

आरोग्याच्या अंगानेही हे फूल पुन्हा चर्चेत आहे. आल्प्समधील लोक पोटदुखी आणि जुलाबावर ते दुधातून देत असत. प्रयोगशाळेत त्यातील काही घटक ऑक्सिडीकरणरोधक असल्याचे दिसले आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी त्याची क्रीम बाजारात आणली. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. परीक्षानळीत दिसलेला गुण म्हणजे सिद्ध झालेले औषध नव्हे. आणि फुलाला उन्हापासून वाचवणारी लव आपल्या त्वचेलाही तसेच वाचवेल, असे गृहीत धरता येत नाही. चांगली बाब ही की, स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात या रोपाची रीतसर शेती होते. त्यामुळे मागणी वाढली तरी डोंगरावरच्या रोपांना हात लावण्याची गरज उरत नाही.

पण फूल तोडणारा माणूस दंड करून थांबवता येतो, तापमान नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्स सुमारे दोन अंश सेल्सियसने तापले आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. डोंगरात दर १०० मीटरला तापमान साधारण ०.६ अंशाने उतरते. म्हणजे पूर्वीचाच गारवा हवा असेल तर वनस्पतींना तीनशेहून अधिक मीटर वर सरकावे लागेल. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपातील ३०२ शिखरांवरच्या १४५ वर्षांतील नोंदी तपासल्या गेल्या. खालच्या वनस्पती शिखरांवर पोहोचण्याचा वेग वाढतो आहे आणि तो तापमानवाढीशी जुळतो, असे त्यात आढळले. शिखरांवर प्रजाती वाढल्या ही वरवर आनंदाची बातमी वाटते. पण येणाऱ्यांमध्ये उंच, जोमदार वनस्पती असतील, तर उघड्या उन्हावर जगणाऱ्या बुटक्या रोपांवर सावली पडणार. डोंगर वर निमुळता होत जातो आणि शिखरानंतर तर जागाच संपते.

हा प्रश्न युरोपापुरता नाही. एडलवाइसच्या प्रजातीतील बहुतेक भाऊबंद आशियात आहेत. त्याची एक बहीण हिमालयाच्या उंच कुरणांत फुलते. साताऱ्याच्या कास पठाराचा खडक जांभा आहे, चुनखडक नव्हे, आणि उंचीही बेताचीच. पण पातळ मातीवर जगणारी आणि वर सरकायला जागा नसलेली फुले तिथेही आहेत. तिथली गर्दी आवरणे आवश्यकच आहे. मात्र कुंपण आणि तिकीट म्हणजे संवर्धन पूर्ण झाले, असे समजणे चुकीचे ठरेल. कोणते फूल कुठे, केव्हा आणि किती फुलले याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या, म्हणूनच आल्प्समधला बदल कळला. आपल्या पठारांवर अशा नोंदी सातत्याने ठेवणे, त्यासाठी महाविद्यालयांना निधी देणे, हे आज करता येण्यासारखे काम आहे. हवा तापणे थांबवण्याचे मोठे काम त्यामुळे टळत नाही. पण नेमके काय गमावतो आहोत, हे तरी वेळेत कळेल.