परदेशातला संसार : ट्रेलर ओढण्याआधी वजनाचा हिशेब



या वेळी सातारच्या एका भगिनीचं पत्र हाताशी घेतलं आहे. त्यांचे धाकटे दीर अमेरिकेत ओहायो राज्यात राहतात, म्हणजे आमच्याच भागात. दिरांनी यंदा एक ट्रेलर घेतला आहे. जूनमध्ये सासू-सासरे तिकडे जातील तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यातून फिरायला जायचं, असा बेत ठरतो आहे. दीर ट्रेलर ओढणार ते पहिल्यांदाच. भगिनी विचारतात, "यात धोका तर नाही ना? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना मागच्या घरात पलंगावर आडवं होऊन जाता येईल का? आणि मी एवढ्या लांबून जाऊबाईंना काय सांगू?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, मग झोपायची तर गोष्टच नको. ओहायोत कायद्यानेच मनाई आहे, इतरही पुष्कळ राज्यांत आहे. आत बसणाऱ्याला बांधून ठेवणारे पट्टे नसतात, आणि गाडीने गचका दिला की कपाटातली पातेलीसुद्धा बाहेर येतात. गुडघ्यांसाठी दर तासाने थांबावं, सासूबाईंनी उतरून चार पावलं चालावं, हेच बरं.

ज्यांनी हा ट्रेलर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या एस.टी.पेक्षा आखूड, पण उंचीला जवळजवळ तेवढंच असं हे चाकांवरचं घर. आत दोन पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, संडास, सगळं असतं. इंजिन मात्र नसतं. पुढे पिकअप, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, ते ओढते. पिकअपच्या मागे मुठीएवढा पोलादी गोळा असतो आणि ट्रेलरच्या पुढच्या दांड्याची वाटी त्यावर बसते. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात आणि आसपास तयार होतात. तिथून आमचं कोलंबस शहर मोटारीने चार तासांवर, त्यामुळे इकडच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात हे ट्रेलर जागोजागी दिसतात.

आमच्याकडे ट्रेलर आला दोन वर्षांपूर्वी. मी घर सांभाळून रविवारी मराठी शाळेत शिकवते. बी. ए. झाले ते इतिहास घेऊन, तेव्हा यंत्रातलं ज्ञान माझ्याकडून कुणी अपेक्षित धरणार नाही. पण हा प्रश्न यंत्राचा कमी आणि वाणसामानाच्या यादीचा जास्त आहे, असं माझं मत झालं. विक्रेत्याने आमच्या ह्यांना सांगितलं होतं, "तुमचा पिकअप ९,००० पौंड ओढतो, ट्रेलर तर फक्त ४,८०० पौंडांचा. काळजीच नको." हे खूश. मी म्हटलं, ओढण्याचं ठीक आहे, पण उचलायचं किती?

ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. पिकअपमध्ये बसलेली माणसं, हौद्यातलं सामान आणि ट्रेलरच्या दांड्याचा गोळ्यावर पडणारा भार, हे सगळं पिकअपच्या पाठीवर येतं. ते किती पेलेल याचा आकडा चालकाच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. माणसं आणि सामान मिळून याहून जास्त वजन कधीही नको, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. आमच्या चिठ्ठीवर १,५०० पौंड आहेत, म्हणजे ६८० किलो. त्याच जातीच्या दुसऱ्या पिकअपचा आकडा निराळा असू शकतो, कारण चिठ्ठी त्या एका गाडीची असते. शेजाऱ्याची चिठ्ठी वाचून उपयोग नाही.

दुसरी मेख ट्रेलरच्या वजनात. ४,८०० पौंड हे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात ना अंथरूण, ना कुकर, ना पाणी. रिकाम्या घरात कोण राहतं? म्हणून भरलेल्या ट्रेलरची जी कमाल मर्यादा त्याच्या अंगावर लिहिलेली असते, तीच हिशेबाला धरावी. आमची ६,२०० पौंड, म्हणजे सुमारे २,८१० किलो.

तिसरी गोष्ट दांड्यावरच्या भाराची. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शंभराला दहा ते पंधरा इतका भार पुढे दांड्यावर यायला हवा. बाराच धरले तरी आमचे ३४० किलो होतात.

आता मांडा हिशेब. दांड्याचे ३४०. भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणारी लोखंडी जोडणी असते, तिचे ४०. हे ८० किलो, मी ६०, मुलं ३५ आणि २५, म्हणजे माणसांचे २००. बेरीज ५८०. उरले १००. त्यात बर्फाची पेटी, जळाऊ लाकडं, अवजारांची पेटी. आमचं चौघांचं कसंबसं भागतं.

आता यात सासू-सासरे बसवा. दोघांचे मिळून १२५ किलो धरले तर बर्फाची पेटी ठेवायच्या आधीच आपण २५ किलोंनी पलीकडे गेलो. विमानातून आणलेल्या प्रत्येकी २३ किलोंच्या दोन-दोन बॅगा हौद्यात टाकल्या की आणखी ९२. कुणी म्हणेल, एवढ्याने काय होतंय? होतं असं की पिकअपचं बूड खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि सुकाणू नि ब्रेक दोन्हींची पकड कमी होते. नेमकी उतारावर किंवा पावसात ती लागते.

म्हणून सातारच्या भगिनींना माझं सांगणं असं. दिरांनी पिकअप चालवावा आणि जाऊबाईंनी सासू-सासऱ्यांना घेऊन घरची छोटी मोटार मागून आणावी. मुलांपैकी एक इकडे, एक तिकडे. पेट्रोलचा खर्च वाढतो हे खरं, त्यातून ट्रेलर ओढताना पिकअप जवळजवळ दुप्पट पेट्रोल पितो. पण आम्ही माझ्या आई-वडिलांना असंच नेलं आणि दुसऱ्या मोटारीचे फायदे कितीतरी निघाले. वडिलांना हवं तिथे थांबता आलं, ट्रेलर मुक्कामी लावल्यावर दुधासाठी गावात जाता आलं, आणि मागून ट्रेलरकडे लक्षही राहिलं. जाऊबाई गाडी चालवत नसतील तर ज्येष्ठ मंडळींसाठी जवळची एक दिवसाची सहल ठरवावी आणि ट्रेलर घरीच ठेवावा. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

वजन किती याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. आपल्यापैकी ज्या खेड्यात वाढल्या त्यांना हे शिकवायला नको. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. ट्रेलरचं तेच. मागे वजन जास्त झालं की दांड्यावरचा भार घटतो आणि ट्रेलर मागच्या मागे साप वळवळावा तसा डुलायला लागतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने चार सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर बांधल्या होत्या. सपाट रस्त्यावर काही जाणवलं नाही. पहिल्याच उतारावर ट्रेलर असा हलायला लागला की मुलं रडायला लागली. नशिबाने रस्ता मोकळा होता. बाजूला थांबून त्यांनी सायकली पिकअपच्या हौद्यात घेतल्या, तेव्हा कुठे तो शांत झाला.

तेव्हा तांदूळ-डाळी, कुकर, पाट्या-वरवंट्याऐवजी नेलेला मिक्सर, असलं जड सामान चाकांच्या थोडं पुढे आणि खालच्या कपाटात. वरच्या फळ्यांवर फक्त पापड, चादरी, मुलांचे कपडे. आणि पाणी! आमच्या टाकीत १५० लिटर मावतात, म्हणजे १५० किलो. जिथे उतरायचं तिथे नळ असेल तर घरून टाकी भरून न्यायचं कारण नाही. हात धुण्यापुरतं पाणी कॅनमधून न्यावं.

डुलणं सुरू झालंच तर काय करायचं, हे चालवणाऱ्याला आणि शेजारी बसणारीलाही आधीच पाठ हवं. ब्रेकवर जोरात पाय द्यायचा नाही. सुकाणू उलटसुलट फिरवायचं नाही, सरळ धरायचं. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलायचा आणि ट्रेलरचे स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक हाताने दाबायचे. त्यांची कळ चालकाच्या पुढ्यात असते. आमच्या पहिल्या प्रवासात महामार्गावर अठरा चाकांचा ट्रक शेजारून गेला, वाऱ्याने ट्रेलर आधी ढकलला आणि मग ओढला गेला. ह्यांनी पाय उचलला, कळ दाबली, चार सेकंदांत सगळं जागेवर. त्या चार सेकंदांत मी काहीच बोलले नाही. तसं ठरलंच होतं आमचं.

पहिला प्रवास लांबचा नकोच. आधी दोन रविवार शाळेच्या रिकाम्या आवारात सराव करावा. ट्रेलरचे ब्रेक किती जोराने लागावेत हे तिथेच सावकाश चालवून जमवून घ्यावं. वळताना ट्रेलर आतल्या अंगाने कापत येतो, म्हणून कोपऱ्याच्या जरा पुढे जाऊन मग वळायचं. मागे घेणं सगळ्यांत अवघड, आणि नवरा-बायकोची सगळ्यांत जास्त भांडणं तिथेच. एक युक्ती सांगते. चालकाने हात सुकाणूच्या तळाशी धरावा. मग ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात न्यायचा. आपण मात्र एस.टी.च्या कंडक्टरसारखं मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं, आणि उभं राहायचं ते त्यांच्या आरशात दिसू अशा जागी. आरशातून आपण दिसेनासे झालो की गाडी तिथल्या तिथे थांबवायची, हा करार आधी करून ठेवावा. हातवारेही घरीच ठरवावेत. मुक्कामाच्या जागी दहा अनोळखी माणसं खुर्च्या टाकून बघत बसलेली असतात. तिथे ठरवत बसलं तर करमणूक होते, पण त्यांची.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते हॉकिंग हिल्सला. कोलंबसहून ३३ नंबरच्या महामार्गाने लोगन गावापर्यंत सरळ, पुढे ६६४ नंबरचा रस्ता. तो काही खंबाटकीचा घाट नव्हे, पण वळणं आणि चढउतार भरपूर. उतारावर ब्रेक दाबून ठेवला की तापतो, म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये घेऊन उतरावं. वेगाचं म्हणाल तर ट्रेलरचे पुष्कळसे टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच्या वेगासाठीच बनवलेले असतात. आम्ही ५५ ते ६० वर जातो. मागचे भोंगे वाजवोत बापडे. हवा टायर थंड असताना सकाळीच तपासायची.

निघण्यापूर्वीची कामं मी कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. गोळ्यावर वाटी बसली का, कडी अडकली का, दोन्ही साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या लावल्या का, दिव्यांची तार जोडली का. शिवाय एक बारीक तार असते. ट्रेलर चुकून सुटलाच तर ती ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ती साखळीला न अडकवता पिकअपलाच अडकवायची. मग दिवे पाहायचे, एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे. छताची खिडकी बंद, फ्रिजचं दार पक्कं, बाहेरची पायरी आत. चाकांखालचे अडसर सगळ्यांत शेवटी काढायचे, आणि मुक्कामी पोचल्यावर मात्र सगळ्यांत आधी लावायचे, मगच ट्रेलर सोडवायचा. उतारावर हा क्रम चुकला तर घर आपलं आपण चालू लागतं.

भगिनी, तुम्ही फोनवर जाऊबाईंना तीनच आकडे विचारा: दारावरच्या चिठ्ठीवर किती, ट्रेलरची भरलेली मर्यादा किती, दांड्यावरचा भार किती. दिरांना अंदाज नको वाटत असेल तर महामार्गावरच्या ट्रकतळांवर मोठे वजनकाटे असतात. सगळ्यांना बसवून, सगळं सामान भरून त्यावर गाडी उभी करायची. पुढच्या चाकांवर, मागच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर किती भार आला याची पावती मिळते. ती दारावरच्या आकड्यांशी ताडून पाहायची. सासू-सासरे पोचल्यावर, पण मुक्कामाची जागा राखून ठेवण्याआधी हे झालं तर कुणाचाच विरस होणार नाही.

पुढच्या वेळी ट्रेलरच्या दोन शेगड्यांवर सहा माणसांचा स्वयंपाक, आणि पाणी पुरवून वापरण्याबद्दल.