दोन थेंबांसाठी थांबलेली लढाई

गाझा पट्टीतील देर अल-बलाह येथे ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाच्या पायात पोलिओमुळे लुळेपणा आला. गाझातील २५ वर्षांतला हा पहिला रुग्ण. २०२२ मध्ये तेथील पोलिओ लसीकरणाचे प्रमाण सुमारे ९९ टक्के होते. मग पोलिओ आला कुठून?

तोंडावाटे देण्याच्या लशीत पोलिओचा दुर्बल केलेला विषाणू असतो. तो बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. आजूबाजूच्या बहुतेक मुलांना लस मिळालेली असेल, तर त्याचा प्रवास तिथेच संपतो. पण लस न मिळालेली मुले वाढली आणि सांडपाणी तंबूंमधून वाहू लागले, की तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात राहतो, बदलतो आणि अपंग करण्याची ताकद परत मिळवतो. म्हणून यावर उपाय लस थांबवणे हा नाही, तर ती प्रत्येक मुलापर्यंत पोहोचवणे हाच आहे.

१ सप्टेंबरपासून भागाभागाने, रोज काही तास लढाई थांबली आणि १२ दिवसांत दहा वर्षांखालील सुमारे ५ लाख ६० हजार मुलांना डोस मिळाला. आपल्याकडे पल्स पोलिओच्या रविवारी आइसपॅक वेळेत गोठले नाहीत तरी आमची धावपळ उडते. तिथे विजेचाच पत्ता नव्हता. दुसऱ्या फेरीत मात्र बॉम्बहल्ल्यांमुळे उत्तर गाझातील मोहीम लांबली आणि हजारो मुले राहून गेली.

लसीकरणासाठी युद्ध थांबवता येते, हे एल साल्वादोरने १९८५ मध्येच दाखवून दिले होते. प्रश्न आहे तो पुढचा. पोलिओचे थेंब स्वयंसेवकही पाजू शकतो. गोवर, घटसर्प, धनुर्वात यांच्या लशींना सुई टोचणारी परिचारिका, फ्रीज, नोंदवही आणि उभे असलेले आरोग्य केंद्र लागते. तेच उद्ध्वस्त झाले, तर मोहीम एका आजाराला अडवते आणि बाकीच्यांना वाट मोकळी राहते.

पोलिओ सीमा ओलांडतो, म्हणून त्याच्यासाठी तोफा थांबल्या. दूषित पाण्याने जुलाब होऊन दगावणारे मूल शेजारच्या देशांना घाबरवत नाही. म्हणून ‘विराम’ मागताना केवळ थेंबांसाठी न मागता पाणी, सांडपाण्याचे पंप आणि दवाखाने यांच्या संरक्षणासाठीही मागायला हवा. नाहीतर आज पोलिओपासून वाचवलेले मूल आपण उद्या दुसऱ्या आजाराच्या हवाली करू.