अमेरिका गेली, जिंकले कोण?

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री अमेरिकेचे शेवटचे लष्करी विमान काबूलहून उडाले आणि आपल्या चॅनेलवाल्यांनी निकाल लावून टाकला : पाकिस्तान जिंकला, भारत हरला. पाकिस्तानलाही तसेच वाटत होते. इम्रान खान यांनी अफगाणांनी गुलामीच्या बेड्या तोडल्याचे जाहीर केले होते. आयएसआयचे प्रमुख फैज हमीद सप्टेंबरमध्ये काबूलच्या हॉटेलात हातात चहाचा कप घेऊन फोटो काढून आले.

त्या चहाचे पुढे काय झाले? तहरीक-ए-तालिबानचे हल्ले वाढले. २०२३ पासून पाकिस्तानने लाखो अफगाण निर्वासितांना हाकलले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ड्युरंड रेषेवर पाकिस्तान आणि तालिबानचे सैनिक एकमेकांना मारत होते, आणि नेमके त्याच दिवसांत तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत पाहुणचार घेत होते!

भारताविरुद्ध लढताना पाठीशी अफगाणिस्तान असावा, हे पाकिस्तानी जनरलांचे जुने स्वप्न. बाबासाहेबांनी १९४० मध्येच ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’मध्ये वायव्य सरहद्दीचा विचार करताना सुरक्षित सीमेपेक्षा भरवशाचे सैन्य महत्त्वाचे, असे मांडले होते. इथे तर जनरलांनी दुसऱ्याच्या देशाला आपली तटबंदी समजले, आणि भरवसा ठेवला तालिबानवर.

पण दिल्लीने तरी वेगळे काय केले? शत्रूचा शत्रू तो मित्र, हेच गणित. जे लोक इथल्या गरीब मुसलमानाला उठसूट ‘तालिबानी’ म्हणतात, त्यांना मुत्तकींसाठी गालिचा अंथरताना काहीच अडचण आली नाही. मार्च २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगाने उडवल्या त्या याच तालिबानने. आम्ही विसरलेलो नाही. १० ऑक्टोबरला दिल्लीत मुत्तकींच्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश नव्हता. सावित्रीमाईंच्या देशाच्या राजधानीत! सरकार म्हणाले, आमचा काही संबंध नाही. ओरड झाल्यावर दोन दिवसांनी महिलांना बोलावून दुसरी परिषद घ्यावी लागली.

बोलणी करू नका, असे आम्ही म्हणत नाही. २०२२ मध्ये उपाशी अफगाणांसाठी भारताचा गहू वाघ्यावरून पाकिस्तानमार्गे गेला, ते योग्यच झाले. दोन वैऱ्यांनी मनात आणले की फाटक उघडते, एवढे त्यातून दिसले. आमचा आक्षेप वेगळा आहे. काबूलमधल्या तांत्रिक कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिलात, त्या बदल्यात मुलींच्या शाळेबद्दल उघडपणे एक शब्द तरी काढलात का? तिथे सहावीनंतर मुलींना शाळा बंद, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही बंद.

आणि इथले दार? ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. पुण्यासह देशभरात शिकणारे, कोरोनात घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. त्यांत मुलीही होत्या. मंत्र्याला गालिचा, आणि २०२१ मध्ये विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द, हे कोणते राष्ट्रहित? आमची मागणी साधी आहे : ज्या अफगाण मुलींचे शिक्षण थांबवले गेले, त्यांना व्हिसा द्या, शिष्यवृत्ती द्या, वसतिगृहात जागा द्या. विद्यार्थी संघटनांनी आपापल्या कुलगुरूंकडे ही मागणी याच सत्रात लेखी द्यावी.