हस्तलिखित कोणाच्या हाती?

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हस्तलिखिताच्या रक्षणाचा प्रश्न नवा नाही. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत परचक्राच्या काळात हरपली आणि पुढील शिष्यांना ती स्मरणाच्या आधारे पुन्हा उभी करावी लागली, असे महानुभाव परंपरा सांगते. या ग्रंथाच्या पाठभेदांचे जंजाळ बऱ्याच अंशी याच घटनेतून निर्माण झाले आहे. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ टिकले, परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृती संशोधकांना त्या लिपीची उकल होईपर्यंत पंथाबाहेरचा वाचक त्यांना पारखाच राहिला. येथे एक गोष्ट मात्र नीट पाहिली पाहिजे. हे ग्रंथ लिपीने राखले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या नकला करणाऱ्या मठांनी राखले. ज्यांच्या हाती किल्ली होती, त्यांनाच ग्रंथाविषयी आस्था होती.

आज या दोन गोष्टींची फारकत झाली आहे. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावचे (मुंबईच्या गोरेगावचे नव्हे) उदाहरण घेतले तर ती स्पष्ट होते. धानाच्या या मुलखात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार उभी राहते, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. झाडीबोलीबरोबरच पोवारीतूनही अलीकडे कविता लिहिली जाते. हे लेखन पूर्वी दोनशे पानी वहीत होई. आता ते पुष्कळदा मोबाइलवर होते आणि लेखकाच्या नकळत कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे रूढ भाषेत क्लाउडवर, जाऊन बसते. या बोलींतील बरेच लेखन छापखान्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे सर्व्हरवरची प्रत ही कित्येकदा त्या कृतीची एकमेव प्रत असते.

क्लाउडची सोय नाकारण्याचे कारण नाही. वाळवी, गळके छप्पर आणि घर बदलताना रद्दीत गेलेल्या वह्या यांनी या भागातील किती संहिता गिळल्या असतील, याचा हिशेब लागणार नाही. ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेला आलेल्या महापुराने घरेच्या घरे पाण्याखाली गेली. अशा वेळी दूरच्या सर्व्हरवरची प्रत मोलाची ठरते. आक्षेप सोयीला नसून, त्या एकाच सोयीवर विसंबून राहण्याला आहे.

कृतीवरील हक्क आणि कृतीच्या प्रतीचा ताबा या दोन भिन्न गोष्टी आहेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सामान्यतः लेखकाचा असतो आणि तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. कंपन्यांच्या अटींतही बहुधा हेच मान्य केलेले असते. मात्र त्याच अटींत मजकूर साठवण्याचा, त्याची नक्कल करण्याचा, प्रसंगी तो तपासण्याचा परवानाही लेखकाने दिलेला असतो. जून 2024 मध्ये अॅडोबी कंपनीच्या अटींतील अशाच शब्दयोजनेवरून चित्रकार आणि लेखक संतापले. ग्राहकांच्या कृती यंत्राच्या शिक्षणासाठी वापरत नसल्याचा खुलासा करून कंपनीला अटींची भाषा बदलावी लागली. 2022 मध्ये एका चिनी कादंबरीलेखिकेला दहा लाखांहून अधिक अक्षरांची आपली कादंबरी अकस्मात उघडता येईना; लेखनसेवेने ती फाइलच अडवली होती. 2016 मध्ये अमेरिकन कादंबरीकार डेनिस कूपर यांचे संकेतस्थळ आणि ईमेल खाते गूगलने बंद केले. त्यांना आपला मजकूर परत मिळाला, पण त्यासाठी काही महिने झगडावे लागले आणि वृत्तपत्रांतून बोभाटा व्हावा लागला. गोरेगावच्या दंडारकाराच्या पाठीशी असा बोभाटा कोण करणार?

आपल्याकडील धोका मात्र अशा नाट्यमय जप्तीचा नाही. तो अगदी घरगुती स्वरूपाचा आहे. खात्याची किल्ली म्हणजे एक मोबाइल क्रमांक. लेखक वारतो, घरचे रिचार्ज थांबवतात, काही महिन्यांनी तो क्रमांक बंद होऊन दुसऱ्याच कोणाला दिला जातो आणि ओटीपी तिऱ्हाइताकडे जाऊ लागतो. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने 2023 मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून ते अमलात येऊ लागले. मृत्यूपश्चात खाते कोणाकडे जावे हे नोंदवण्याची सोय गूगलने 2013 पासून, तर अॅपलने 2021 पासून दिली आहे. ती सोय माहीत असलेला लेखक विरळा. कॉपीराइट कायद्याचे वीसावे कलम या संदर्भात वाचण्याजोगे आहे. अप्रकाशित कृतीचे हस्तलिखित मृत्युपत्राने ज्याला मिळते, त्याला एरवी काही म्हटलेले नसल्यास तिचा हक्कही मिळतो, असे ते कलम सांगते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पेटीतली वही होती. पासवर्डमागे बंद असलेली फाइल वारसाच्या हाती कशी द्यायची, याचे सरळ उत्तर त्या कलमात सापडत नाही.

या स्थितीत पहिली जबाबदारी येते ती तालुक्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांवर. कागदावर छापलेली एक प्रत, युनिकोडमधील साध्या फाइलची एक प्रत आणि तिची आणखी एक नक्कल दुसऱ्या गावी, एवढी व्यवस्था कोणत्याही अनुदानाशिवाय होण्यासारखी आहे. (युनिकोडचा आग्रह अकारण नाही. नव्वदच्या दशकात खासगी फाँटमध्ये जुळवलेला मराठी मजकूर आज पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटतो, तर त्याच काळातले छापील पान विनासायास वाचता येते.) नाटककार आपली संहिता महाविद्यालयाच्या हवाली करायला कचरतील, हे खरे आणि रास्तही आहे. हंगामात संहिता म्हणजे भाकरी. ती दुसऱ्या मंडळाच्या हाती लागली की प्रयोग गेला. म्हणून संहिता मोहोरबंद ठेवून ती कधी आणि कोणासाठी उघडायची हे लेखकानेच लिहून द्यावे. विभागाने राखणदार व्हावे, मालक होऊ नये.

हा उपदेश करण्यापूर्वी संशोधकांनी स्वतःच्या घरात डोकावले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांमुळे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते आणि 'शोधगंगे'वर प्रबंध जपलेही जातात. पण दंडारीची, रोवणीच्या गाण्यांची जी ध्वनिमुद्रणे गोळा करून प्रबंध उभा राहतो, ती विद्यार्थ्याच्या खासगी खात्यात पडून राहतात. पदवी मिळते, नोकरी लागते, फोन बदलतो, साठवणीची मर्यादा भरली म्हणून जुन्या फाइली पुसल्या जातात. गाणारी म्हातारी तोवर गेलेली असते. तिच्या आवाजाची प्रत ना तिच्या नातवंडांकडे असते, ना विभागाकडे. क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणांची एक प्रत गाणाऱ्याच्या घरी आणि एक विभागात पोहोचल्याखेरीज मार्गदर्शकाने प्रबंधावर सही करू नये. त्यासाठी विद्यापीठाच्या अध्यादेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.