नोंद नसलेले पुस्तक

आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील कोणते पुस्तक कोठे आहे, हे आमच्या वेळी एकाच ठिकाणी नोंदलेले होते : ग्रंथपाल सरांच्या स्मरणात. दाखल नोंदवह्या होत्या, चांगल्या जाड कापडी बांधणीच्या. परंतु त्यांत पुस्तके ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने लिहिलेली. लेखकाच्या नावाने वा विषयाने शोधावयाचे तर सरांनाच विचारावे लागे, आणि ते जागेवरून न उठता कपाट व फळी सांगत. सर निवृत्त झाले आणि ती तालिकाही त्यांच्यासोबत गेली. मागील उन्हाळ्याच्या सुटीत त्या नोंदवह्या संगणकावर आणण्याच्या कामात मी सहभागी झालो. ग्रंथपालन हा माझा व्यवसाय असला, तरी या कामाने माझी काही मते बदलली. ती येथे मांडतो.

ग्रंथनोंदीचा जो साचा आज बहुतेक जगभर वापरला जातो त्यास ‘मार्क’ म्हणतात. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात हेन्रिएट ॲव्राम यांनी तो घडविला. त्या मूळच्या संगणक-आज्ञावलीकार. ग्रंथपालनाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. या साच्यात प्रत्येक बाबीस तीन अंकी क्रमांकाचा रकाना असतो : १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये ग्रंथनाम, २६४ मध्ये प्रकाशनस्थळ, प्रकाशक व वर्ष, ६५० मध्ये विषय. इथवर सोपे आहे. पण संगणकासाठी हीच नोंद एका सलग ओळीत गुंफलेली असते, आणि तिच्या आरंभी प्रत्येक रकाना कोठे सुरू होतो व किती लांब आहे याची अनुक्रमणिका द्यावी लागते. ही लांबी अक्षरांत नव्हे, बाइट्समध्ये मोजतात. ‘बुद्ध’ हा आपल्या दृष्टीने दोन अक्षरांचा शब्द. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तो पंधरा बाइट्स घेतो. हा हिशेब हाताने करू गेल्यास एका नोंदीत दिवस जाईल, आणि एक आकडा चुकला की सारी नोंद मोडेल.

हा हिशेब करण्यासाठी पर्ल या संगणकभाषेत एक तयार मॉड्यूल आहे. त्याचे नावच ‘मार्क रेकॉर्ड’. नोंदवहीतील मजकूर तक्त्यात भरावयाचा, आणि पन्नास-साठ ओळींच्या आज्ञावलीने त्या मॉड्यूलला सांगावयाचे : रिकामी नोंद तयार कर, या स्तंभातील मजकूर १०० मध्ये घाल, त्या स्तंभातील २४५ मध्ये. अनुक्रमणिका व लांबी ते स्वतः मोजते. तयार झालेली धारिका आपण ‘कोहा’ या ग्रंथालय प्रणालीत घेतली. कोहा हीदेखील मुख्यत्वे पर्लमध्येच लिहिलेली आहे. न्यूझीलंडमधील एका लहानशा ग्रंथालय संस्थेसाठी ती तयार झाली, २००० साली सुरू झाली आणि सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्यात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मॉड्यूलही मोफतच. शाळेस खर्च आला तो वीज आणि चहाचा.

तेव्हा ‘आता सगळे संगणकच करील’ असे आपल्यापैकी अनेकांनी म्हटले. माझा आक्षेप येथून सुरू होतो.

पहिल्याच फेरीत आज्ञावलीने एक पुस्तक ‘३५’ या वर्षी प्रकाशित झाल्याचे नोंदविले. कोणीतरी वर्षाच्या रकान्यात किंमत लिहिली होती. ही चूक हसण्यावारी गेली. पुढच्या चुका इतक्या सहज दिसल्या नाहीत. नोंदवहीत कोठे ‘अण्णाभाऊ साठे’ आहे, कोठे ‘अण्णा भाऊ साठे’, तर कोठे ‘तुकाराम भाऊराव साठे’. संगणकाने प्रामाणिकपणे तीन लेखक तयार केले. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील ऱ्य दोन निरनिराळ्या पद्धतींनी टंकित होतो. पडद्यावर तो एकसारखाच दिसतो, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. बाबासाहेबांच्या नावाचे तर विचारूच नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदीत ते आडनाव, आद्याक्षरे आणि १८९१-१९५६ या वर्षांसह रोमन लिपीत आहे. आपल्या सहावीतील मुलगी शोधपेटीत ‘बाबासाहेब’ लिहिते आणि तिला उत्तर मिळते : काहीही आढळले नाही. शाळेच्या ग्रंथालयात याहून लाजिरवाणे काय असेल? त्यावर उपाय आहे. नावाची एक रूढ नोंद ठरवून तिला इतर सर्व रूपे जोडता येतात, आणि रोमन रकान्याचे देवनागरी रूप ८८० या रकान्यात ठेवता येते. पण ही सारी एकच व्यक्ती आहे, हे कोणीतरी जाणत्याने आधी सांगावे लागते.

विषयाच्या रकान्यात तर अधिकच जाणतेपण लागते. चवदार तळ्याच्या सत्याग्रहावरील एक पुस्तिका आपल्या नोंदवहीत ‘धार्मिक’ या सदरात होती. १९२७ साली महाडला माणसे सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी गेली होती. ही नोंद आज्ञावली जशीच्या तशी पुढे नेते. तिला त्यात काहीच वावगे दिसत नाही. नागरी हक्कांवर वाचू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती ती पुस्तिका कधीच आली नसती. विषयाचा रकाना एका नोंदीत कितीही वेळा देता येतो. आम्ही तीन विषय दिले आणि ‘धार्मिक’ काढून टाकले. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाविषयीही असेच म्हणावे लागेल. १८७६ च्या त्या पद्धतीत धर्मासाठी २०० चे शतक आहे. त्यातील बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली असून बौद्ध धम्मास २९४.३ हा एक कोपरा मिळाला आहे. आपली दोन कपाटे त्या एका आकड्यात कोंबली गेली होती.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या नोंदी इतर ग्रंथालयांतून आयत्या घेता येतात. पण तालुक्याच्या गावी छापलेल्या जलशाच्या पदांच्या पुस्तिका, परिषदांची स्वागतपर भाषणे, वसतिगृहांचे वार्षिक अहवाल, वर्गणीच्या पावतीसोबत वाटलेली पत्रके, यांची नोंद आयती कोठून मिळणार? त्यांना प्रमाणित ग्रंथ क्रमांक नसतो आणि कित्येकांवर किंमतही नसते. ज्याची नोंद नाही ते पुस्तक साफसफाईच्या दिवशी प्रथम बाहेर पडते. एका वाचनालयातून अशा पुस्तिकांचे गठ्ठे रद्दीच्या तराजूवर चढताना मी पाहिले आहेत. तेथील कर्मचाऱ्याने सांगितले, ‘यादीत नाहीत’. आणि ते खरेच होते.

म्हणून माझे म्हणणे असे की, यंत्राने वाचविलेला वेळ आपण याच पुस्तिकांवर खर्च करावा, आणि हे काम बाहेरच्या कंत्राटदारास देऊ नये. नववीच्या मुलामुलींना दोन रविवारांत तक्ता भरणे शिकविता आले. त्यांपैकी दोघी आता आज्ञावलीतील ओळीही बदलतात. विषय ठरविण्यासाठी मात्र आपल्यातील वडीलधाऱ्यांनी त्यांच्याशेजारी बसावे. ज्यांच्या घरी पेटीत, माळ्यावर असे साहित्य असेल त्यांनी ते शाळेस द्यावेच असा आग्रह नाही. मुखपृष्ठाचे व आतील पानाचे छायाचित्र पाठविले तरी नोंद करता येते, आणि मूळ प्रत कोणत्या गावी आहे हे तीत लिहिता येते.

संपादक मंडळास एक विनंती. आपल्या पूर्वीच्या तीन स्मरणिकांवर ना वर्ष आहे, ना संपादकांची नावे. त्यांचे वर्ष मला अंदाजाने, चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह लिहावे लागले. या अंकाच्या आतील पानावर वर्ष, स्थळ, मुद्रणालय आणि संपादकांची पूर्ण नावे छापावीत. त्याची नोंद मी अर्धी भरून ठेवली आहे.