उणे चाळीस आणि सदतीस

जबलपूरच्या कांचघरात रसायनशास्त्राबद्दल मत नसलेला माणूस विरळा. जीसीएफ आणि खमरियाच्या शस्त्रनिर्माण्यांत नोकऱ्या केलेली घरे इथे पुष्कळ. त्यामुळे रसायन म्हटले की आम्ल, आच, दाब आणि धूर एवढेच डोळ्यांपुढे येते. अशा वस्तीत ‘सेंद्रिय संश्लेषणात एन्झाइम वापरावे’ असे म्हटले की उत्तर ठरलेले असते: एन्झाइम म्हणजे पचनाची गोळी, धुण्याची पावडर, फार तर चीज, औषधाचा रेणू बांधणे हा त्याचा प्रांत नव्हे. हेच मत जरा सभ्य भाषेत एमएस्सीच्या वर्गातही ऐकू येते. ‘ते बायोकेमिस्ट्रीवाल्यांचे,’ म्हणून पान उलटले जाते. वस्तीतल्या मताने कोणाचे बिघडत नाही. वर्गातल्या मताने पिढ्यांचे शिक्षण घडते, म्हणून वाद त्याच्याशी आहे.

सर्वांत जुना आक्षेप नाजूकपणाचा. एन्झाइमला पाणी हवे, सदतीस अंश हवे, सामू सांभाळायला हवा. टोल्युइनमध्ये टाकले की खेळ खलास. पाठ्यपुस्तकात असे होते, म्हणून तसेच शिकवले गेले. १९८४ मध्ये एमआयटीत झॅक्स आणि क्लिबानोव्ह यांनी डुकराच्या स्वादुपिंडातले लायपेज जवळजवळ कोरड्या सेंद्रिय द्रावकात घातले आणि तापमान शंभर अंशांवर नेले. एन्झाइम मेले तर नाहीच, ते तासन् तास काम करत राहिले. कारण समजायला सोपे आहे. प्रथिनाची घडी उलगडायला रेणूला हालचाल लागते, आणि ती हालचाल पाणी करू देते. पाणी काढून घेतले की घडी जागच्या जागी आखडून बसते. शिवाय पाण्यात एस्टर तोडणारे लायपेज पाण्याविना एस्टर जोडू लागते. ज्याला दुबळेपणा समजले जात होते, त्यातूनच संश्लेषणाची वाट निघाली. आपल्याकडे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत गणपती यादव यांच्या गटाने अशाच लायपेजवर वर्षानुवर्षे काम केले. ती संस्था जीवशास्त्राची नव्हे, हे लक्षात असू द्यावे.

दुसरा आक्षेप जरा विद्वानांचा आहे. एमिल फिशरने १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली, आणि तेव्हापासून असे धरले गेले की निसर्गाने ज्या रेणूसाठी एन्झाइम घडवले त्याखेरीज ते कशालाच हात लावणार नाही. उपमा चांगली होती. तिला कायदा समजणे चूक होते. मधुमेहावरचे सिटाग्लिप्टिन घ्या. मर्क कंपनी त्यातले अमाइन ऱ्होडियमच्या उत्प्रेरकाने, दाबाखालच्या हायड्रोजनमध्ये बनवत असे. नंतर उरलेले ऱ्होडियम काढा, स्फटिकीकरण करून डावा-उजवा भेद शुद्ध करा, हे सगळे ओघाने आलेच. कोडेक्सिस कंपनीने एका जिवाणूतले ट्रान्सअमिनेज निवडले. सिटाग्लिप्टिनच्या भल्यामोठ्या कीटोनकडे ते ढुंकूनही पाहत नव्हते, म्हणजे विद्वानांचा आक्षेप इथवर खरा. मग संशोधकांनी आधी रेणूचा छोटा तुकडा देऊन एन्झाइमची खोबण रुंद केली आणि फेरीमागून फेरी बदल करत २७ उत्परिवर्तने जमवली. तयार झालेले एन्झाइम निम्म्या डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये, लिटरला २०० ग्रॅम कीटोनवर काम करते आणि हव्या त्याच हाताचा रेणू ९९.९५ टक्क्यांहून अधिक देते. २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झाले: उतारा १० ते १३ टक्के जास्त, कचरा १९ टक्के कमी, आणि दाबाच्या भांड्याची गरज संपली. फ्रान्सिस आर्नोल्ड यांनी १९९३ पासून दाखवलेल्या दिशादर्शित उत्क्रांतीचे हे फळ. त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे.

‘हे सारे आजचे, श्रीमंत कंपन्यांचे’ असे म्हणणाऱ्यांनी थोडे मागे जावे. १९०८ मध्ये रोझेनथालरने बदामातल्या इमल्सिनने बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड जोडून एकाच हाताचे मँडेलोनायट्राइल मिळवले. १९२१ मध्ये नॉयबर्ग आणि हिर्श यांनी यीस्टमध्ये बेंझाल्डिहाइड सोडून जे मिळवले, त्यावर पुढे एफेड्रिनचा उद्योग उभा राहिला. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या मरे आणि पीटरसन यांनी ऱ्हायझोपस बुरशीकडून प्रोजेस्टेरॉनच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवून घेतला. त्या जागी ऑक्सिजन पोचवायला रसायनज्ञांना पायऱ्यांची रांग लागत होती, बुरशीने ते एका पायरीत केले. कॉर्टिसोन सामान्य रुग्णाच्या आवाक्यात येण्यात त्या पायरीचा वाटा मोठा आहे.

राहिला खर्च. इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण याचे उत्तर पिंपरीत आहे.

पेनिसिलिन जी हा बुरशीने दिलेला रेणू. त्यापासून ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन करायचे तर त्याची बाजूची साखळी कापून ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल, म्हणजे ६-एपीए, मिळवावे लागते. अडचण अशी की या रेणूत दोन अमाइड बंध आहेत. एक साखळीचा, दणकट. दुसरा चौकोनी बीटा-लॅक्टम कड्यातला, ताणलेला आणि चटकन तुटणारा. औषधाचा जीव त्या कड्यात. रसायनज्ञाला दणकट बंध तोडायचा आहे आणि नाजूक वाचवायचा आहे. साधे आम्ल किंवा अल्कली नेमके उलटे करते. यावर काढलेला रासायनिक मार्ग खरोखर हुशारीचा होता: आधी आम्लगट सिलिल गटाने झाका, मग उणे चाळीस अंशांवर फॉस्फरस पेंटाक्लोराइड घाला, मग ब्युटॅनॉल, मग पाणी. एक किलो ६-एपीएमागे साधारण १.२ किलो फॉस्फरस पेंटाक्लोराइड, १.६ किलो डायमिथाइल ॲनिलीन, ०.६ किलो क्लोरोसिलेन, आणि डायक्लोरोमिथेन व ब्युटॅनॉल प्रत्येकी ८.४ लिटर. द्रावकाचा बराच भाग परत मिळवता येतो हे मान्य. पण तो परत मिळवायचाही खर्च असतो, आणि उणे चाळीस राखण्याचे विजेचे बिल वेगळे.

पेनिसिलिन ॲसिलेज हे काम सदतीस अंशांच्या आसपास, पाण्यात, किलोमागे शंभर ग्रॅमहून कमी अमोनियावर करते. साखळीवरचा फिनाइल-ॲसिटिल गट ते ओळखते आणि तेवढेच कापते, कडे शाबूत. एन्झाइम मण्यांवर बांधून ठेवले की गाळून घ्या, धुवा, पुन्हा वापरा; असे शेकडो वेळा करता येते. ‘एन्झाइम महाग’ म्हणणारा किलोचा भाव पाहतो. कारखाना पाहतो तो उत्पादनाच्या किलोमागे एन्झाइमचा किती अंश खर्ची पडला ते. या हिशोबाने उणे चाळीसचा मार्ग जगभर मागे पडला. जपानच्या निट्टोने १९८५ पासून ॲक्रिलामाइडसारखा घाऊक भावाचा माल जिवाणूच्या नायट्राइल हायड्रेटेजने बनवायला घेतला, तेव्हा तर खर्चाच्या आक्षेपात काही उरायलाच नको होते.

आणि हे आपल्या दाराशी होत होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना पिंपरीत १९५४ ची. तिथल्या प्रयोगशाळेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलिन ॲसिलेजवर गंभीर काम झाले. शेवाळे आणि शिवरामन यांचा या एन्झाइमच्या औद्योगिक वापराचा आढावा १९८९ मध्ये ‘प्रोसेस बायोकेमिस्ट्री’त आला. पेनिसिलिन व्ही कापणाऱ्या भावंड एन्झाइमची त्रिमितीय रचना १९९९ मध्ये सुरेश, पुंडले आणि सहकाऱ्यांनी यॉर्कच्या गटासोबत ‘नेचर स्ट्रक्चरल बायॉलॉजी’त मांडली. पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात जे झाले ते मराठी वाचकाला सांगायला आमची विज्ञान-नियतकालिके का कचरली, कळत नाही.

इथे प्रतिपक्ष शेवटचा पत्ता टाकतो: मग पिंपरीचा कारखाना का बुडाला? नव्वदच्या दशकात तो आजारी उद्योग ठरला, हे खरे. पण त्याचा दोष एन्झाइमवर टाकणे म्हणजे आजाराचे नाव न विचारता औषधाला शिव्या घालणे. आयात खुली झाल्यावर चीनमधून स्वस्त पेनिसिलिन जी येऊ लागले आणि आपले किण्वन त्यापुढे टिकले नाही. अपयश आले ते टाक्यांच्या आकारात, बुरशीच्या वाणात, विजेच्या दरात आणि व्यवस्थापनात. साखळी कापणारी पायरी तर चीनमध्येही एन्झाइमच करत होते. २०२० मध्ये केंद्राने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची योजना आणली, तीत पेनिसिलिन जी मुद्दाम घातले, आणि २०२४ मध्ये काकीनाड्याजवळ ऑरोबिंदो समूहाचा कारखाना सुरू झाला. जे पिंपरीत होते ते इतक्या वर्षांनी पुन्हा विकत घ्यावे लागले, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या बाजूच्या अतिउत्साही मंडळींचाही समाचार घ्यायला हवा. ‘एन्झाइम म्हणजे आपोआप हिरवे’ ही घोषणा मला पटत नाही. अति विरल द्रावणात अभिक्रिया करून टाक्या भरून सांडपाणी सोडले तर ते हिरवे नव्हे. क्षपण करणाऱ्या एन्झाइमना सहघटक लागतो, तो जागच्या जागी पुन्हा घडवण्याची सोय नसेल तर खर्च डोक्यावरून जातो. नवे एन्झाइम घडवायला महिने लागतात, आणि चांगल्या प्रकारांवर पेटंटे आहेत. दोन ॲरोमॅटिक कडी जोडायची तर मीही आज पॅलेडियमचीच बाटली उघडीन. सिटाग्लिप्टिनच्या टाकीतही अर्धे सेंद्रिय द्रावक आहे, हे विसरू नये.

माझे म्हणणे एवढेच आहे: एन्झाइमची बाटली पॅलेडियमच्या शेजारी, त्याच फळीवर असावी. आज ती दुसऱ्या विभागात, दुसऱ्या इमारतीत आहे. विद्यार्थ्याला रेणू उलगडायला शिकवताना आपण बंध तोडण्याचे मार्ग मोजतो ते सगळे धातू, आम्ल आणि हायड्राइडचे. ‘इथे ट्रान्सअमिनेज चालेल का, इथे कीटोरिडक्टेज’ हा प्रश्न पाटीवर येतच नाही. मग तो विद्यार्थी कारखान्यात जातो, सगळा मार्ग ठरल्यावर एखादी पायरी अडते, आणि तेव्हा एन्झाइमवाल्याला बोलावतात. ठिगळ म्हणून बोलावलेले एन्झाइम ठिगळाएवढेच काम करते. २०१९ मध्ये मर्कच्या इस्लाट्राव्हिर या औषधासाठी नऊ एन्झाइमांची साखळी जुळली, त्यांतली पाच त्यासाठी घडवून घेतलेली. ती शक्य झाली, कारण मार्ग आखतानाच एन्झाइम धरली होती.

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागते असे कोणी म्हणेल तर हैदराबादच्या आयआयसीटीतले जे. एस. यादव आणि सहकाऱ्यांचे २००२ मधले काम पाहावे. त्यांनी चिरलेली गाजरे पाण्यात घालून ॲसिटोफेनोनसारखे कीटोन एकहाती अल्कोहोलात बदलले. बहुतेक ठिकाणी निवडकता नव्वद टक्क्यांच्या पुढे, हायड्रोजन नाही, बोरोहायड्राइड नाही, दीड-दोन दिवस हलवत ठेवायचे. डिसेंबर-जानेवारीत जबलपूरच्या मंडईत गाजरे स्वस्त असतात आणि आमच्या विज्ञान महाविद्यालयांत शेकर असतात. ध्रुवणमापीही असतो, धूळ पुसावी लागेल. हा प्रयोग एमएस्सीच्या सेंद्रिय प्रॅक्टिकलमध्ये याच हिवाळ्यात घालता येईल, आणि सोबत त्याच कीटोनचे बोरोहायड्राइडने क्षपण करून दोन्ही नमुन्यांचे ध्रुवण विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावे: एक शून्यावर राहील, दुसरा राहणार नाही.